अनुकूली हेडलाइटमधील अधूनमधून उद्भवणारे दोष : निदानाची तर्कपद्धती

सारांश

वळणाच्या दिशेने व गाडीच्या कलानुसार आपला प्रकाशझोत बदलणारे अनुकूली हेडलाइट आज उच्च श्रेणीच्या मोटारींचे सर्वपरिचित अंग झाले आहेत. या यंत्रणेतील कायमचा बिघाड शोधणे तुलनेने सोपे असते. परंतु कधी प्रकट होणारा व कधी लुप्त होणारा दोष शोधणे कठीण ठरते. अशा दोषाच्या निदानात महागडा भाग बदलला जातो, काही दिवस दोष दिसत नाही आणि पुन्हा तो उद्भवतो. प्रस्तुत लेखात पोर्शे ९११ या स्पोर्ट्स मोटारीची ९९७ ही पिढी उदाहरणादाखल घेऊन या यंत्रणेची रचना, दोषांची कारणे आणि निदानाचा क्रम यांचे विवेचन केले आहे. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचे निदान हा उपकरणांइतकाच तर्काचाही प्रश्न आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

बीजशब्द : अनुकूली हेडलाइट, अनित्य दोष, अन्वय-व्यतिरेक, संपर्करोध, निदानक्रम.

१. प्रस्तावना

मोटारीचा हेडलाइट शतकाहून अधिक काळ केवळ समोर पाहणारा दिवा होता. रस्ता वळला तरी प्रकाश सरळच जात असे. ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील टकर ४८ या १९४८ च्या मोटारीत मधोमध एक तिसरा दिवा होता आणि तो स्टिअरिंगबरोबर वळत असे. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९६७ मध्ये आपल्या डीएस या मोटारीचा दर्शनी भाग नव्याने घडवला, तेव्हा आतील दिव्यांची जोडी स्टिअरिंगला केबलने जोडली. अमेरिकेतील तत्कालीन नियमांमुळे तेथे विकल्या जाणाऱ्या डीएसमध्ये मात्र ही सोय देता आली नाही.

यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी, २००३ च्या आसपास, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणारे वळते हेडलाइट युरोपातील अनेक मोटारींत दिसू लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १२३ क्रमांकाचा नियम अशा यंत्रणांसाठीच असून तो २००७ मध्ये अमलात आला. समोरून येणाऱ्या वाहनापुरता झोत आपोआप झाकणाऱ्या हेडलाइटना अमेरिकेने मात्र २०२२ मध्ये मान्यता दिली. केबलच्या जागी सेन्सर, संगणक व मोटर आल्या. अचूकता वाढली, त्याचबरोबर दोषाच्या संभाव्य जागाही वाढल्या. केबल तुटली की ती तुटलेलीच दिसते. सेन्सरचा संपर्क मात्र खड्ड्यात क्षणभर तुटतो आणि पुढच्याच क्षणी जुळतो. येथूनच प्रस्तुत विषयाला प्रारंभ होतो.

२. यंत्रणेचे स्वरूप

अनुकूली हेडलाइटचे कार्य दोन प्रकारचे असते. पहिले आडवे वळण. मोटार वळणात शिरली की झोत वळणाच्या आतील बाजूस फिरतो. दुसरे उभे समायोजन. वजन, वेग घेणे वा ब्रेक लावणे यांमुळे मोटारीचा पुढील भाग वर-खाली होतो. तेव्हा झोताची उंची कायम राखली जाते.

आडव्या वळणाची गरज साध्या भूमितीने स्पष्ट होते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४० मीटर पुढचा रस्ता हा गाडीच्या सरळ रेषेपासून सुमारे ८ मीटर बाजूला सरकलेला असतो. तेथे पाहण्यासाठी दृष्टी सुमारे ११.५ अंश वळवावी लागते. सरळ जाणारा झोत अशा वेळी रस्त्याऐवजी कडेचा कठडा किंवा झाडी उजळतो. म्हणूनच अनेक यंत्रणांत बाहेरच्या दिशेने साधारण १५ अंशांपर्यंत दिवा फिरवण्याची सोय असते.

उभ्या समायोजनाचे महत्त्व त्याहून अधिक आहे. डिपर झोताची वरची कडा साधारणतः १ टक्का उताराने लावतात. म्हणजे १० मीटर अंतरावर ती १० सेंटिमीटर खाली येते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरले तर ही कडा ६५ मीटरवर जमिनीला टेकते. ९९७ पिढीच्या ९११ मोटारीत पुढील व मागील चाकांच्या केंद्रांतील अंतर २३५० मिलिमीटर आहे. याचा अर्थ, मागील भाग पुढील भागाच्या तुलनेत केवळ २३.५ मिलिमीटरने दबला तर झोत १ टक्क्याने वर जातो आणि त्याची कडा क्षितिजसमांतर होते. समोरच्या चालकाचे डोळे दिपण्यास एवढे पुरेसे आहे. बोटभर रुंदीचा हा फरक सेन्सरने नेमका टिपायचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या यंत्रणेच्या संवेदनशीलतेची कल्पना येते.

ही दोन्ही कार्ये पार पाडण्यासाठी नियंत्रकाला अनेक ठिकाणांहून माहिती लागते : स्टिअरिंगचा कोन, चाकांची गती, मोटारीचे स्वतःभोवती वळणे, पुढील व मागील ॲक्सलजवळील उंची. ही माहिती मुख्यतः कॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन तारांच्या संदेशवाहिनीवरून येते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये ती जाहीर केली. नियंत्रक या माहितीवरून गणित करतो व दिव्यातील स्टेपर मोटरना आदेश देतो.

स्टेपर मोटर ठरावीक पावलांनी फिरते. मात्र अनेक रचनांत आपण नेमके कोठे आहोत, हे तिला स्वतःला कळत नाही. किती पावले टाकली याच्या मोजणीवरूनच स्थान ठरते. म्हणून मोटार सुरू होताच ती दिवा एका टोकापर्यंत नेते, तेथून मोजणी सुरू करते व मग मधल्या स्थानी आणते. भिंतीसमोर मोटार उभी करून हेडलाइट लावल्यास झोत क्षणभर खाली-वर वा डावी-उजवीकडे जाऊन स्थिरावतो, तो याच कारणाने. निदानाच्या दृष्टीने हे दृश्य फार मोलाचे आहे, याचा उल्लेख पुढे येईल.

३. अनित्य दोष म्हणजे काय?

दोषाचे दोन प्रकार करता येतात. जो सर्व परिस्थितीत टिकून राहतो तो नित्य दोष. जो विशिष्ट परिस्थितीत प्रकटतो व ती परिस्थिती पालटताच लोपतो तो अनित्य दोष. दुसऱ्या प्रकारच्या दोषाचे लक्षण असे की, चालकाने तो पाहिलेला असतो, परंतु मोटार गॅरेजमध्ये गेल्यावर तो दिसत नाही. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत दिली जाते. चालकाचे म्हणणे खोटे नसते आणि मेकॅनिकचा शेराही खोटा नसतो. दोघांनी मोटार वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिलेली असते.

‘अधूनमधून’ या शब्दातच एक फसवणूक दडलेली आहे. दोष लहरीने येतो, असा त्याचा अर्थ केला जातो. वास्तविक कोणताही भौतिक दोष लहरीने येत नाही. कंप, उष्णता, ओलावा, विद्युतदाब व हालचाल या पाच घटकांपैकी एक वा अधिक घटक विशिष्ट मर्यादा ओलांडतात, तेव्हा तो येतो. ती मर्यादा शोधणे हेच निदानाचे निम्मे काम होय.

या दोषाचे गांभीर्य केवळ सोयीपुरते नाही. दोष जाणवताच बहुतेक यंत्रणा दिव्याला सुरक्षित स्थानी, म्हणजे सरळ व काहीसे खाली, नेऊन ठेवतात. समोरच्याचे डोळे दिपू नयेत हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु चालकाची दृष्टी त्यामुळे आखूड होते. वरील उदाहरणात झोताचा उतार १ टक्क्याऐवजी २ टक्के झाला असे धरले, तर प्रकाशाची पोहोच ६५ मीटरवरून ३२.५ मीटरवर येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी ३३ मीटर अंतर संपलेले असते. म्हणजे उजळलेला सर्व रस्ता ब्रेक लागण्यापूर्वीच मागे पडलेला असतो. डॅशबोर्डवरील पिवळ्या चिन्हाकडे ‘येते आणि जाते’ म्हणून दुर्लक्ष करणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

४. कारणांचे वर्गीकरण

४.१ वीजपुरवठा : स्पोर्ट्स मोटार पुष्कळदा रोजच्या वापरात नसते. ती आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि तिच्यातील नियंत्रक बॅटरीतून थोडी थोडी वीज घेत राहतात. पूर्ण भारित बॅटरीचा स्थिर दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. दुर्बल बॅटरीवर इंजिन सुरू करताना तो क्षणभर १० व्होल्टच्याही खाली उतरू शकतो. नेमक्या त्याच वेळी हेडलाइटचा नियंत्रक आपली प्रारंभिक तपासणी करीत असेल, तर तो दोष नोंदवतो. पुढच्या वेळी बॅटरी भारित असते, तपासणी सुरळीत होते आणि दोष नाहीसा होतो. अशा प्रसंगी हेडलाइट बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय.

४.२ अर्थिंग व संपर्करोध : ज्या बिंदूवर विजेची परतीची तार मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली असते, तेथे गंज वा रंगाचा थर आला तर रोध वाढतो. हा रोध ०.२ ओहम इतका अल्प असला तरी ५ ॲम्पिअर प्रवाहात तो १ व्होल्ट गिळतो. साध्या मल्टिमीटरच्या ओहम मापनात हा दोष सहज निसटतो, कारण ते मापन अत्यल्प प्रवाहावर होते. अनेक पदरी तारेचे सर्व पदर तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर जवळजवळ शून्य रोध दाखवतो. भार पडताच मात्र तो एक पदर अपुरा ठरतो.

४.३ कनेक्टर : कनेक्टरमधील कथिलाचा मुलामा असलेल्या पिना सततच्या कंपामुळे एकमेकींवर सूक्ष्म अंतराने घासतात. घासल्याने उघडा पडलेला धातू हवेतील प्राणवायूने काळवंडतो, तो चुरा पुन्हा घासला जातो व संपर्काच्या जागी रोधक थर साठतो. हा थर कधी वीज जाऊ देतो, कधी देत नाही. कनेक्टर काढून पुन्हा बसवला की पिनांचा पृष्ठभाग खरवडला जाऊन स्वच्छ होतो आणि दोष काही काळ दूर होतो. हे वैशिष्ट्य निदानात गोंधळ माजवणारे आहे.

पोर्शे ९११ च्या ९९६ व ९९७ या पिढ्यांत हेडलाइटची रचना येथे विचारात घेण्याजोगी आहे. पुढील सामानकक्षातून अवजाराने खटका फिरवला की संपूर्ण दिवा खाचेतून पुढे सरकून बाहेर येतो. तो परत आत सरकवला की त्याच्या मागील बाजूचा कनेक्टर आपोआप जुळतो. बल्ब बदलण्याच्या दृष्टीने ही सोय सुखावह आहे; परंतु दिवा शेवटच्या एक-दोन मिलिमीटरपर्यंत न सरकल्यास वा खटका पूर्ण न बसल्यास जोडणी वरवर जुळते, आणि हादऱ्याने ती सैल होऊ शकते. त्यामुळे ‘दिवा अलीकडे कधी काढला होता काय?’ हा प्रश्न अशा मोटारीच्या बाबतीत सर्वप्रथम विचारला पाहिजे.

४.४ उंचीचे सेन्सर : हे सेन्सर चाकांजवळ असून लहान दांडीने सस्पेन्शनशी जोडलेले असतात. चिखल, खडी व पाणी यांचा मारा त्यांच्यावर होतो. दांडीचा सांधा झिजला वा दांडी वाकली तर मापन चुकते. सस्पेन्शन मुद्दाम खाली बसवलेल्या मोटारीत सेन्सर आपल्या मापनकक्षेच्या टोकाजवळ काम करू लागतो. सपाट रस्त्यावर सर्व ठीक दिसते, मात्र गतिरोधकावर चाक पूर्ण दबताच तो कक्षेबाहेर जातो व दोषाची नोंद होते.

४.५ स्टिअरिंगकोन व संदेशवाहिनी : बॅटरी काढल्यानंतर काही मोटारींत स्टिअरिंगकोनाचा सेन्सर आपला शून्यबिंदू विसरतो. कॅन वाहिनीच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम मिळावयास हवेत. १२० ओहम मिळाले तर एका टोकाचा रोधक किंवा तेथवरची तार तुटलेली आहे, असे अनुमान निघते. संदेश पाठवताना होणाऱ्या चुकांची मोजणी प्रत्येक नियंत्रक स्वतः ठेवतो. ती २५५ च्या पुढे गेली की तो वाहिनीवरून आपणहून बाजूला होतो व ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर परत येतो. चालकाला याचे दर्शन ‘मध्येच बंद पडले, आपोआप सुरू झाले’ असे घडते.

४.६ दिव्याच्या आतील कारणे : काचेच्या आत दवाचा पातळ थर येणे व दिवे लागताच तो जाणे हे स्वाभाविक असते. तळाशी पाणी साचणे मात्र स्वाभाविक नसते. साचलेले पाणी आतील नियंत्रक पट्टीपर्यंत पोहोचते व वळणात हेलकावते. याखेरीज स्टेपर मोटरचे दाते अडखळणे, डिंकाच्या ठिकाणी सील सुटणे, गरम झाल्यावर सोल्डरची भेग उघडणे हीही कारणे संभवतात.

५. निदानाची तर्कपद्धती

भारतीय न्यायशास्त्रात कार्यकारणसंबंध निश्चित करण्यासाठी अन्वय व व्यतिरेक यांचा आधार घेतला जातो. कारण असता कार्य असणे हा अन्वय. कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेल्या साधर्म्य व वैधर्म्य पद्धती याच दिशेच्या आहेत. गॅरेजमधील मेकॅनिक हे शब्द वापरत नाही, पण चांगला मेकॅनिक याच मार्गाने जातो.

सदोष निदानात बहुधा केवळ एक निरीक्षण असते : ‘भाग बदलला आणि दोष गेला.’ कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा काकतालीय न्याय असू शकतो. भाग बदलताना कनेक्टर निघाला, पिना घासल्या गेल्या, बॅटरी काढून जोडली गेली, नियंत्रक नव्याने सुरू झाला. एकाच कृतीत चार बदल घडले. श्रेय मात्र एका नव्या भागाला मिळाले. यावर उपाय सोपा आहे. भाग बदलण्यापूर्वी जुनाच भाग काढून पुन्हा बसवावा आणि मोटार वापरून पाहावी. दोष गेला तर तो भागात नसून जोडणीत होता, असा व्यतिरेक हाती येतो.

‘वापरून पाहावी’ म्हणजे किती दिवस, याचेही गणित आहे. दोष सरासरी १० फेऱ्यांतून एकदा येतो व प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे, असे मानू. दोष कायम असतानाही सलग ५ फेऱ्या निर्दोष जाण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के आहे. याचा अर्थ, पाच फेऱ्यांनंतर ‘दुरुस्त झाले’ म्हणणे हे नाणेफेकीहून फारसे भरवशाचे नाही. ही संभाव्यता ५ टक्क्यांखाली आणण्यासाठी सलग २९ निर्दोष फेऱ्या लागतात. घाईने दिलेला निर्वाळा पुष्कळदा का फसतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

६. निदानाचा क्रम

वरील तत्त्वांवरून पुढील क्रम सुचवता येतो. स्वस्त व मोटारीला धक्का न लावणारी तपासणी आधी, महाग व उलथापालथ करणारी तपासणी नंतर, हे या क्रमाचे सूत्र आहे.

पहिली पायरी – नोंद : चालकाने प्रत्येक वेळी दिनांक, वेळ, इंजिन सुरू करून झालेला काळ, वेग, वळणाची दिशा, पाऊस, तापमान व रस्त्याचा प्रकार लिहून ठेवावा. दोष न आलेल्या फेऱ्यांचीही नोंद हवी. तिच्याविना व्यतिरेक सिद्ध होत नाही. दोष केवळ सुरुवातीच्या मिनिटांत येत असेल तर वीजपुरवठा, वीस मिनिटांनंतर येत असेल तर उष्णता, खडबडीत रस्त्यावर येत असेल तर जोडणी किंवा उंचीचा सेन्सर, आणि पाऊस पडून गेल्यावर येत असेल तर ओलावा, असा प्राथमिक संशय घेता येतो.

दुसरी पायरी – सर्व नियंत्रकांचे दोषसंकेत : स्कॅनरने केवळ हेडलाइटचे नव्हे तर सर्व नियंत्रकांचे संकेत वाचून उतरवून घ्यावेत, आणि मगच पुसावेत. सोबत नोंदवलेले किलोमीटर व दाब पाहावा. एकाच किलोमीटरवर पाच-सहा नियंत्रकांनी कमी दाबाची तक्रार केली असेल तर मूळ हेडलाइटमध्ये नाही. केवळ एका बाजूच्या मोटरचा संकेत असेल तर शोधक्षेत्र एकदम आकुंचित होते. संकेत हा दोषाचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ‘उजव्या मोटरचे परिपथ खंडित’ या संकेताचा अर्थ मोटर बिघडली असा नसून, नियंत्रकापासून मोटरपर्यंतच्या मार्गात कोठेतरी खंड आहे, इतकाच आहे.

तिसरी पायरी – दाब : बॅटरीचा स्थिर दाब, इंजिन सुरू करतानाचा किमान दाब आणि इंजिन चालू असतानाचा दाब मोजावा. त्यानंतर हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व दिव्याची अर्थिंग यांतील दाब मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आसपास वा त्याहून कमी असावा. येथे भार चालू असणे अत्यावश्यक आहे.

चौथी पायरी – भिंतीवरील निरीक्षण : सपाट जागेवर भिंतीसमोर मोटार सुरू करून दोन्ही झोतांची प्रारंभिक हालचाल पाहावी. दोन्ही दिवे हलले नाहीत तर सामाईक कारण, म्हणजे पुरवठा, सेन्सर किंवा संदेश. एकच हलला नाही तर त्या बाजूचे कारण. कोणतेही उपकरण न लावता दोषक्षेत्र निम्मे करणारी ही तपासणी आहे.

पाचवी पायरी – हालचाल चाचणी : स्कॅनरवर सेन्सरची चालू मूल्ये लावून एका व्यक्तीने कनेक्टर व तारांचा जुडगा एकेका ठिकाणी हलक्या हाताने हलवावा. ज्या जागी हलवताच आकडा उडी मारतो, ती जागा दोषाची. उंचीच्या सेन्सरसाठी मोटारीचा कोपरा हळूहळू दाबून सोडावा. मूल्य सलग बदलले पाहिजे, मध्ये खंड पडता कामा नये. तारा कुरतडल्या गेल्या आहेत काय, हेही पाहावे. पावसाळ्यात बंद उभ्या मोटारीत उंदरांचा उपद्रव ही आपल्याकडील वारंवार आढळणारी बाब आहे.

सहावी पायरी – परिस्थितीची पुनर्निर्मिती : नोंदींवरून जो घटक संशयास्पद ठरला असेल तो एकटाच बदलावा. उष्णतेचा संशय असेल तर दिवे पुरेसा वेळ चालू ठेवावेत; ओलाव्याचा असेल तर पाण्याचा फवारा द्यावा. एका वेळी दोन घटक बदलू नयेत, अन्यथा निष्कर्ष निघत नाही.

सातवी पायरी – भागबदल व अंशशोधन : आधीच्या पायऱ्यांनी दोष विशिष्ट भागापर्यंत आणून सोडला असेल तरच भाग बदलावा. बदलानंतर सेन्सरचा शून्यबिंदू ठरवणे व झोताची उंची यंत्रावर लावणे अनिवार्य आहे. सस्पेन्शनचे काम झाल्यावरही हे करावे लागते.

या सर्व कामात एक दक्षता अत्यावश्यक आहे. झेनॉन दिवा पेटवताना त्याच्या संचात २० हजार व्होल्टहून अधिक दाबाचा स्पंद निर्माण होतो. दिवा पूर्ण बंद करून व पुरवठा तोडूनच त्याला हात लावावा.

७. भारतीय संदर्भ व अध्यापनातील उपयोग

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डिपर झोताची कडा डावीकडे चढती असावी लागते. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशासाठी बनवलेला जुना दिवा येथे बसवला तर चढती कडा समोरच्या वाहनाकडे जाते. स्वस्त मिळाला म्हणून असा दिवा बसवणे आणि ‘यंत्रणा चुकते’ अशी तक्रार करणे हे दोन्ही टाळावे. कोकणातील दमट हवा, घाटातील सलग वळणे व गावोगावचे गतिरोधक यांचा विचार करता कनेक्टर व उंचीचे सेन्सर यांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे हितावह ठरते.

अभियांत्रिकी पदविका व औद्योगिक प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना बहुधा तुटलेली तार किंवा जळालेला फ्यूज शोधावयास देतात. हे नित्य दोष होत. उत्तर एकदाच सापडते व प्रयोग संपतो. अनित्य दोषाचा प्रयोग रचणे कठीण नाही. बारा व्होल्टच्या परिपथात उष्णतेने उघडणारा स्विच किंवा मुद्दाम सैल ठेवलेली पीन बसवली की पुरे. असा प्रयोग विद्यार्थ्याला नोंद ठेवणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि पुराव्याआधी निर्णय न देणे शिकवतो. ही शिस्त मोटार अभियांत्रिकीपुरती मर्यादित नाही. अधूनमधून येणाऱ्या तापाचे निदान करणारा वैद्य आणि अधूनमधून चुकणाऱ्या संगणकप्रणालीचा शोध घेणारा तंत्रज्ञ यांनाही तिचीच गरज असते.

८. निष्कर्ष

१) अनुकूली हेडलाइटचा अनित्य दोष हा लहरी नसून परिस्थितीशी बांधलेला असतो, ती परिस्थिती नोंदींतून शोधता येते.

२) दिवा हे लक्षण प्रकट होण्याचे स्थान आहे; कारण बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर वा सेन्सर यांत असू शकते. म्हणून दिव्याचा बदल ही शेवटची पायरी असावी.

३) भाग बदलल्यावर दोष जाणे हा एकटा पुरावा अपुरा आहे. जुना भाग पुन्हा बसवून पाहणे व पुरेशा फेऱ्यांपर्यंत थांबणे आवश्यक आहे.

४) दोष दूर होईपर्यंत प्रकाशाची पोहोच घटलेली असू शकते, हे ध्यानात घेऊन रात्रीचा वेग कमी ठेवणे हे चालकाचे कर्तव्य आहे.

आज हेडलाइटमधील हलणारे भागच कमी होत चालले आहेत. पोर्शेच्याच नव्या दिव्यांत प्रत्येक बाजूस ३२ हजारांहून अधिक प्रकाशबिंदू स्वतंत्रपणे नियंत्रित होतात. स्टेपर मोटरचे अडखळणे त्यामुळे इतिहासजमा होईल; परंतु बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर व सेन्सर उरणारच आहेत आणि त्यांच्याबरोबर अनित्य दोषही. तंत्र पालटले तरी निदानाची तर्कपद्धती पालटत नाही. म्हणून ती उपकरणांच्या परिचयाआधी शिकवली जाणे इष्ट होय.